झिजेचा भाव

जुन्या घड्याळांच्या बाजारात झिजेला भाव असतो. काळी तबकडी उन्हानं तपकिरी पडली, की शौकीन खूश. आकड्यांवरचा चमकता रंग पिवळा पडला, की आणखी खूश. उलट कुणी धातूची केस घासून पॉलिश केली, की किंमत उतरली. मुंबईत नव्यानं रंगवलेल्या तबकड्यांच्या एचएमटींना जाणकार 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. रंगवणाऱ्याचा हात हिशेबात नाही.

पारख अशी : झीज सगळीकडे जुळली पाहिजे. केसच्या कडा बोथट नि तबकडी कोरी, तर काहीतरी गडबड. काट्यांचा रंग आकड्यांशी जुळत नाही, तर काटे बहुतेक बदललेले. काही जण तबकडी भट्टीत भाजून खोटं म्हातारपण आणतात. म्हणून बाजारात शब्द आहे, 'प्रामाणिक झीज'.

दोस्तांनो, प्रामाणिक कुणाशी?

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी, पोरी तबकड्यांवर रेडियमचा रंग भरत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरायला त्यांना शिकवलेलं. धोका नाही म्हणून सांगितलेलं. पुढं जबडे सडले, हाडं मोडली, कित्येकजणी मेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९२८ साली तडजोड झाली : प्रत्येकी १० हजार डॉलर नि वर्षाला ६०० डॉलर पेन्शन.

रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. त्यात मिसळलेलं चमकणारं द्रव्य मात्र लवकर थकतं. म्हणजे चमक गेली तरी विष चालूच. आज शौकीन अशा तबकडीवर गायगर काउंटर धरतो. ते कडकडलं, की रंग रेडियमचाच, जुना, अस्सल! ज्यानं पोरी मेल्या, तोच आता अस्सलपणाचा दाखला.

कुणी म्हणेल, जुन्या वस्तूवर माया करणं हा काय गुन्हा? नाही. बापाच्या घड्याळावरचा चरा पुसू नये, त्यात त्याचं मनगट आहे. पण झिजेला दोन मालक असतात : ज्यानं वापरलं तो, आणि ज्यानं घडवलं तो. बाजार पहिल्यालाच ओळखतो. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात नट पॉल न्यूमनची रोलेक्स पावणेदोन कोटींहून जास्त डॉलरला गेली, कारण मनगट त्याचं होतं. रंग भरणाऱ्या पोरीचं नाव तबकडीवर कुठंच नसतं.

झीज ही साक्ष असते. अर्धीच साक्ष ऐकून दिलेल्या निकालाला आपण न्याय म्हणत नाही. मग त्याला पारख तरी का म्हणायचं?