खाली आणलेली दांडी

रानात म्हातारा, लंगडा पक्षी सहसा दिसत नाही. म्हातारे पक्षी असतात. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या 'विज्डम' नावाच्या अल्बट्रॉस मादीच्या पायात १९५६ साली कडी घातली, तेव्हा ती वयात आलेली होती. २०२४ मध्येही तिने अंडं घातलं. पण ती म्हातारी असूनही धडधाकट आहे, म्हणून टिकली आहे. पंख किंवा पाय दगा देऊ लागला की रानातल्या पक्ष्याला फार दिवस मिळत नाहीत. शिक्रा, साप, मांजर, नाहीतर नुसती भूक त्याचा हिशेब मिटवते. म्हणूनच दुखणं लपवण्याची सवय पक्ष्यांच्या हाडीमाशी मुरलेली असते. थव्यात वेगळं दिसणं म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेत भरणं.

पाय अधू झालेला, दांडीवर नीट बसता न येणारा आणि तरीही वर्षानुवर्षं जगणारा पक्षी माणसाच्या सोबतीतच पाहायला मिळतो. हे म्हातारपण आपण त्याला दिलेलं आहे. ते कसं निभवायचं हा प्रश्न म्हणूनच हौसेचा किंवा निव्वळ दयेचा राहत नाही; तो जबाबदारीचा होतो.

आकार पाहून पक्ष्याच्या आयुष्याचा अंदाज बांधायला गेलं तर हमखास चुकतं. पंचवीस-तीस ग्रॅमचा उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो. त्याच्याहून किंचितच जड असलेलं बजरीगर, ज्याला आपल्याकडे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, नीट सांभाळलं तर आठ-दहा वर्षं जगतं. कॉकाटील पंधरा-वीस वर्षं काढतं, तर आफ्रिकन ग्रे पोपट चाळीस-पन्नास. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला 'कुकी' हा गुलाबी काकाकुवा तर ८३ वर्षं जगला. १९३३ साली सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात तो अंड्यातून बाहेर आला, १९३४ मध्ये ब्रुकफिल्डला पोचला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेला. गिनीज बुकाने त्याची जगातला सर्वांत वयस्क पोपट म्हणून नोंद केली होती.

मला मात्र कुकीच्या वयापेक्षा त्याची शेवटची वर्षं महत्त्वाची वाटतात. त्याला संधिवात होता, हाडं ठिसूळ झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू होते. आयुष्याची पहिली सुमारे चाळीस वर्षं त्याला फक्त बिया खायला मिळाल्या होत्या. त्या काळी पोपटाचं खाणं म्हणजे बिया, अशीच समजूत होती. हाडं ठिसूळ होण्यामागे ते एक कारण असावं, असं त्याच्या सांभाळकर्त्यांचं मत होतं. २००९ मध्ये त्याला प्रेक्षकांसमोरून हलवलं आणि कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात, ओळखीच्या माणसांत ठेवलं. तिथे त्याची भूक सुधारली, वागण्यातला ताण कमी झाला. औषधं चालूच होती, पण त्याच्या जगण्याची जागाही बदलली होती.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. पहिला असा, की म्हातारपणी पक्ष्याच्या पायांत जे उतरतं, त्यातलं बरंचसं आपण त्याच्या वाटीत घातलेलं असतं. नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेल्या पक्ष्याला चरबी भरपूर मिळते, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व मात्र कमी पडतं. मादी जोडीदाराशिवायही अंडी घालते आणि दर अंड्याच्या कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम खर्ची पडतं. ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागतं आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नसतं. हे सगळं वर्षानुवर्षं साचत जातं. दुसरा धडा असा, की झिजलेलं हाड परत भरून येत नाही. बदलता येतो तो भोवताल.

पोपटवर्गातल्या पक्ष्याचा पाय जवळून पाहिला की हे जास्त कळतं. दोन बोटं पुढे, दोन मागे. निरोगी पक्षी झोपताना एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो, दुसऱ्यावर उभा राहतो आणि मधूनच पाय बदलतो. सांधे दुखू लागले की ही पाळीपाळीची विश्रांती मोडते. दुखरा पाय भार घेत नाही, त्यामुळे सगळा भार चांगल्या पायावर येतो. मग चांगल्या पायाच्या तळव्यावरची खवल्यांची बारीक नक्षी पुसट होते, कातडी लाल आणि गुळगुळीत दिसू लागते. पुढे घट्टा आणि घट्ट्यातून जखम. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या या त्रासात भर घालतात, कारण तळव्याच्या ठरावीक जागेवरच सतत दाब येतो. दांडीला सँडपेपर गुंडाळला की नखं आपोआप घासली जातात, असं काही जण सांगतात. त्याने नखं राहतात बाजूला, तळवा मात्र सोलवटतो.

उपाय खर्चिक नाहीत. कीटकनाशक न मारलेल्या पेरूच्या झाडाची, कमीजास्त जाडीची फांदी स्वच्छ धुऊन, वाळवून लावावी. एखादी सपाट फळी बसवून तिच्यावर जुन्या सुती पंच्याची घडी घालावी, म्हणजे पक्ष्याला बोटं न आवळताही विसावता येतं. कापडाचे धागे सुटलेले नकोत. नखं त्यांत अडकतात. दांड्या तळापासून चार बोटांवर आणाव्यात, तळाशी मऊ कापड आणि त्यावर रोज बदलायचा कागद ठेवावा. दाण्या-पाण्याच्या वाट्या एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी, मान न ताणता चोच पोचेल अशा ठेवाव्यात. रात्री खोलीत मंद दिवा असू द्यावा, कारण कॉकाटील अंधारात दचकून फडफडतात आणि अधू पायाचा पक्षी तेवढ्यात खाली कोसळतो. घरातले आजी-आजोबा थकले की आपण न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवतो, पलंगाची उंची कमी करतो. तोच हा विचार आहे.

आमच्या घरी चिंगी नावाची कॉकाटील मादी आहे. तिचा डावा पाय आता नावापुरता उरला आहे. पिंजऱ्याच्या तळापासून फळीपर्यंत आम्ही उतरती शिडी लावली आहे. चिंगी आधी मान लांब करून वरची काडी चोचीत पकडते आणि अंग वर खेचते. मग उजवा पाय रोवते आणि डावा मागून ओढून आणते. क्षणभर थांबते. पुन्हा चोच. २०२२ मध्ये खऱ्या लव्हबर्ड पोपटांवर (बजरीगरांवर नव्हे) झालेल्या एका अभ्यासात चढतानाचा जोर मोजला, तेव्हा चोचीचा वाटा पायांच्या तोडीस तोड निघाला. पोपटाची चोच चढताना खरोखरच तिसऱ्या पायाचं काम करते. पाय गेले तरी हा तिसरा पाय शाबूत असतो, म्हणून शिडीच्या काड्या पायांना सोयीच्या हव्यात तशा चोचीत मावतील अशाही हव्यात.

तिची ती चढण पाहताना हात पुढे करून तिला फळीवर ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. पडत असेल, थकली असेल तर जरूर उचलावं. पण जमण्यासारखं आहे तोवर ते तिला करू द्यावं. स्नायू त्याने टिकतात, हे झालं शरीरापुरतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या आयुष्यातल्या बहुतेक निवडी आपण आधीच काढून घेतलेल्या असतात. कुठे राहायचं, काय खायचं, कोणाबरोबर जोडी जमवायची, किती दूर उडायचं, हे सगळं आपण ठरवलं. म्हातारपणी उरतं ते एवढंच: वरच्या फळीवर जायचं की खाली बसायचं, कोथिंबीर खायची की गाजराचा कीस, खिडकीकडे तोंड करायचं की घरातल्या माणसांकडे. चांगली शुश्रूषा या उरलेल्या निवडी जपते. दांडी खाली आणताना आपण त्याच्यासाठी एक निर्णय शिल्लक ठेवतो.

काही गोष्टी मात्र त्याच्या आवाक्याबाहेर जातात आणि तिथे आपला हात लागतोच. एका पायावर तोल सावरून दुसऱ्याने डोकं खाजवणं चिंगीला जमत नाही. त्यामुळे तुऱ्यातली आणि मानेवरची नवी पिसं पांढऱ्या आवरणातच अडकून राहतात. अंगावर पाणी शिंपडून झालं की ती स्वतः डोकं खाली करते. नखाने अलगद चोळलं की आवरणाचा भुगा पडतो आणि आतून पिवळं पीस उलगडतं. अजून रक्त असलेल्या कोवळ्या पिसाला मात्र हात लावायचा नाही, ते दुखतं.

पण हे सगळं करण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: पाय खरंच वयामुळे अधू झाला आहे का? 'म्हातारा झाला, चालायचंच' असं म्हणून विषय संपवणं सोपं असतं. पक्ष्याची मूत्रपिंडं ओटीपोटाच्या हाडातल्या खळग्यांत असतात आणि पायाकडे जाणारे मज्जातंतू त्यांच्यातून जातात. त्यामुळे मूत्रपिंडात गाठ झाली तर पक्षी एका पायाने लंगडू लागतो. बजरीगरांमध्ये हे नेहमी आढळतं. युरिक आम्ल सांध्यांत साचलं तरी पाय सुजतात. दुखणं पोटात आणि दिसतं पायात, म्हणून पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्याला दाखवणं टाळू नये. मुंबई-पुण्यात असे डॉक्टर मिळतात. तालुक्याच्या गावी दवाखान्याची सवय गाई-म्हशींची असते आणि शंभर ग्रॅमच्या जिवासाठी प्रवास करावा लागतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करून वहीत लिहिलं तर या प्रवासाची वेळ लवकर कळते. पिसं फुललेली असली की पक्षी गुबगुबीत दिसतो, काटा मात्र फसत नाही. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर वाट पाहू नये.

आणि घरातली वेदनाशामक गोळी चुरून देण्याचा विचारसुद्धा मनात आणू नये. गिधाडांचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतातली गिधाडं नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आली. २००४ मध्ये हे कारण उघड झालं, २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं पर्यायी औषध म्हणजे मेलोक्झिकॅम, आणि आज संधिवात झालेल्या पाळीव पक्ष्यालाही पशुवैद्य बहुधा तेच थेंबांनी देतात. मात्रा त्यांनीच ठरवायची.

'एवढ्याशा जिवासाठी इतका खटाटोप?' असं विचारणारे भेटतात. मुंबईत १८३४ साली पांजरापोळ सुरू झाली. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय चालतं. उपयोग संपलेल्या जिवाला आसरा द्यावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. जिवाचं मोल वजनावर ठरत नसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिंजराच मुळात अन्याय असेल, तर म्हातारपणी पक्ष्याला सोडून का देऊ नये? पिंजऱ्याबद्दलचा हा आक्षेप मला मान्य आहे. देशी पोपट पकडणं, विकणं, घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. कोणाच्या घरी जुना राघू असेल, तर त्याला वन खात्याच्या हवाली करणं हा रस्ता आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या, पाय अधू झालेल्या परदेशी पक्ष्याला गच्चीवरून उडवणं म्हणजे त्याला कावळ्यांच्या तोंडी देणं. स्वातंत्र्य देण्याची वेळ केव्हाच निघून गेली. आता द्यायची राहिली आहे ती सोबत.

ही सोबत कुठवर करायची, याचंही उत्तर तयार ठेवावं लागतं. त्याला मनापासून आवडणाऱ्या तीन-चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. आवडता घास, डोकं खाजवून घेणं, सकाळची शीळ, खिडकीतलं ऊन. यातलं काहीच त्याला हवंसं वाटत नसेल, औषधानेही वेदना आटोक्यात येत नसेल, तर पशुवैद्याशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोलावं. आपल्याला तो हवा आहे म्हणून त्याला दुखत ठेवणं, हा त्याच्यावर लादलेला शेवटचा निर्णय ठरेल.

आज पेठेतल्या दुकानात चौथीतल्या मुलाच्या हट्टापायी कॉकाटीलचं पिल्लू घेतलं जातं. तो मुलगा शिकून नोकरीला लागेल, दुसऱ्या शहरात बिऱ्हाड करेल, तेव्हा ते पिल्लू म्हातारं झालेलं असेल आणि आईवडिलांच्या गळ्यात पडलेलं असेल. म्हणून पिल्लू घेताना घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावं, की वीस वर्षांनी त्याची दांडी खाली कोण आणणार, त्याचं वजन कोण लिहिणार, गावाला जाताना त्याला कोणाकडे ठेवणार. या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळत नसेल, तर पिल्लू आणू नये. आणि आणलं असेल, तर त्याची शीळ जितकी आपली होती, तितकाच त्याचा लंगडा पायही आपलाच आहे.