ट्रॉम्बेचा डोंगर आणि माडबनचा सडा

मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या खाडीपुलावर आली की दक्षिणेकडे बघा. तिवरांच्या मागे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या आणि पाण्याच्या मधल्या पट्टीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९८५पासून ‘ध्रुव’ आहे.

रोज हा डोंगर बघता. कधी भीती वाटली? बहुधा नाही. ती माहितीने गेली की नुसत्या सवयीने, एवढं स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

आता मनात शिशाची एक जाड डबी आणा. ध्रुवमध्ये तयार होणारं किरणोत्सारी आयोडीन १३१ अशा डब्यांतून रुग्णालयांत जातं. ते पुरवणाऱ्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेचं ठाणं वाशीतच आहे. थायरॉइडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेली बाई ते औषध घेते आणि काही दिवस वेगळ्या खोलीत राहते. नातवाला जवळ घ्यायचं नाही, फ्लश दोनदा करायचा, असं तिला बजावलेलं असतं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात आणि मागे राहिलेला रोग तिथल्या तिथे जळतो. दर आठ दिवसांनी औषधाचा जोर निम्मा होतो.

इथे थांबा. १९८६च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुभट्टीतून जे उडालं त्यात हेच आयोडीन होतं. ते गवतावर पडलं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात गेलं, आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचाच कर्करोग झाला. एकीकडे मोजून दिलेलं, दुसरीकडे हाताबाहेर गेलेलं. दोन्ही एकदम मनात धरायला जड जातं. एक सोडून दुसरं पकडावंसं वाटतं. सभांत आणि टीव्हीवर आपण तेच करतो. आत्ता सोडू नका.

मग वीज. तारापूरला १९६९पासून अणुवीज होते. तिथे धूर नाही, राखेचे तलाव नाहीत. कोराडी-चंद्रपूरला राहणाऱ्यांना याचं मोल सांगावं लागत नाही. कोळसा रोज थोडा थोडा मारतो, म्हणून त्याची बातमी होत नाही. माझं पारडं अणुविजेकडे झुकतं ते यामुळे.

पण अणुभट्टी बंद केली म्हणून लगेच गार होत नाही. आतलं इंधन उष्णता देतच राहतं, त्याभोवती पाणी खेळतं ठेवावंच लागतं. मार्च २०११मध्ये फुकुशिमाला भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि पाणी फिरेना. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीतल्या, समुद्रकाठच्या. शिवाय वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. हा आकडा मनात मावत नाही. मावला असं वाटलं तर पुन्हा वाचा.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जैतापूरला, माडबनच्या सड्यावर, ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरला; एप्रिल २०११मध्ये साखरी नाटे इथे विरोध करणाऱ्यांवरच्या पोलिस गोळीबारात एकाचा जीव गेला. नवी मुंबईकराला हे परकं वाटायला नको. आपलं शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे, आणि जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या, या जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात उरण तालुक्यात पाच जण गोळीबारात गेले. गार हवा सीवूड्सच्या खोलीत येते, धास्ती साखरी नाट्याच्या होडीत बसते. फायद्या-तोट्याचा हिशेब एकाच वहीत मांडला की हे दिसत नाही.

तर आता सातबारा तुमच्या नावाचा आहे असं धरा. नोटीस तुमच्या गावची. मोबदल्याचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. किरणोत्सार कोण मोजणार आणि ते आकडे गावाला कधी दाखवणार? कोमट पाणी समुद्रात कुठे सोडणार? रात्री दोनला भोंगा वाजला तर कोणत्या रस्त्याने कुठे जायचं? यातल्या कोणत्या उत्तरावर तुम्ही सही कराल?

मी आधी रस्ता विचारेन. कोकणातल्या वळणावर एसटी आणि डंपर समोरासमोर आले की मागे कोणी घ्यायचं, यावरच दहा मिनिटं जातात.