दैव पाचवं

खंडेनवमीला पेठ वडगावात सुताराचा रंधा, गॅरेजातले पाने, शेतातला ट्रॅक्टर, गोठ्यातली कडबाकुट्टी अशा सगळ्यांना हळद-कुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. अलीकडे झाडं तोडायचं पेट्रोलवरचं चेनसॉ मशीनही या रांगेत येऊन बसलं आहे. सेनापती धनाजी जाधवांची समाधी ज्या गावात आहे, तिथं शस्त्रपूजेचा व्यवहार वेगळा समजावायला नको. उद्या सीमोल्लंघन करायचं तर आज तलवार म्यानाबाहेर काढून तिची धार आणि मूठ पाहिलीच पाहिजे. आता मात्र माळ पडते आणि ग्राइंडरचं काढून ठेवलेलं गार्ड कोपऱ्यात तसंच राहतं. मोठी चकती बसावी म्हणून ते काढलेलं असतं. पुढं कुणाचा हात कापला की लोक म्हणतात, नशिबात होतं. हे बोलणं श्रद्धेचं समजलं जातं. माझ्या मते ते धर्मविचाराला धरूनच नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि शेवटी दैव. लगेच पुढच्या श्लोकात असंही येतं की कर्म न्याय्य असो वा विपरीत, कारणं हीच पाच. म्हणजे अपघातालाही हाच हिशेब लागू आहे. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात. मी त्यात पायाखालची जमीनही धरतो, कारण शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवणाऱ्याला अधिष्ठानच नसतं. करणाचं, म्हणजे साधनाचं पाहा. साखळीला धार असेल तर ढलप्या उडतात, ती बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो आणि माणूस यंत्रावर जोर देऊ लागतो. चेष्टेचं, म्हणजे हालचालीचं, तर विचारूच नका. साखळी ज्या पट्टीवरून फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की अख्खं यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं, आणि हे इतक्या झटकन होतं की सावध माणसालाही सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून तर पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट वळवायचा असतो, आणि खांद्याच्या वर यंत्र न्यायचं नसतं. ही चार कारणं तपासण्याआधीच पाचव्यावर बोट ठेवणं ही श्रद्धा नव्हे, तो चौकशीचा कंटाळा आहे.

यावर कुणी म्हणेल, हा श्लोक कर्तेपणाचा अहंकार सुटावा म्हणून आहे, कारखान्यातल्या तपासणीसाठी नव्हे. आक्षेप बरोबर आहे. पण त्यानं दैवाची बाजू बळकट होत नाही. शंकराचार्य इथल्या दैवाचा अर्थ इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा लावतात. आंधळ्या नशिबाचा तिथं मागमूस नाही. डोळ्याची देवता सूर्य मानायची आणि भुशाच्या फवाऱ्यात डोळे उघडे ठेवायचे, यात विसंगती आहे. लिंबू-मिरची बांधल्यानं मनाला धीर येतो, त्यात वाईट काय, असंही विचारलं जातं. बांधावी की. फक्त धीर वाढला म्हणून ब्रेक तपासायचा राहिला, तर तो धीर महागात पडतो.

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे. रोजंदारीवर फांद्या तोडणाऱ्याकडे हेल्मेट नाही, साखळी अडवणाऱ्या धाग्यांची पँट त्यानं पाहिलेलीही नाही. त्याला कर्ता ठरवून दोष देणं क्रूरपणाच नाही का? आहेच. पण त्याच अध्यायात पुढं असं म्हटलं आहे की, पाच कारणं असताना जो केवळ एकट्यालाच कर्ता मानतो, त्याला खरं दिसत नाही. तिथला रोख आत्म्याच्या कर्तेपणावर आहे हे मान्य, तरी न्याय इथंही लागतो. गार्ड काढून यंत्र भाड्यानं देणारा, संध्याकाळच्या आत झाड पाडा म्हणून घाई करणारा, असे सगळे त्या कर्मात येतात. मळणी यंत्रांत हात जाऊ लागले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, त्यानं जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही टाकली. खंडेनवमीच्या पूजेला मालकच पाटावर बसतो. गार्ड परत बसवायचं कामही मग त्याच्याकडेच येतं, आणि ते माळ घालण्याआधी करायचं.