काहीच नाही, वावर पाह्यते

मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावी सोयरिकीच्या बैठकीला गेलो होतो. पाहुण्यांनी विचारलं, ‘पोरगा काय करते?’ मुलाचे वडील म्हणाले, ‘काहीच नाही, वावर पाह्यते.’ कोणी चमकलं नाही, पोह्यांच्या प्लेटा फिरत राहिल्या. मुलगा बारा एकर वाहतो, सोयाबीन-तुरीनंतर हरभरा काढतो, थ्री-फेजची लाईन रात्री येते म्हणून ऐन थंडीत मोटर लावायला उठतो. आणि त्याचा सख्खा बाप चार माणसांत सांगतो की तो काही करत नाही. तेव्हापासून ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं आहे.

सोयाबीनला भाव नाही, शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे काही मी सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. उत्तम शेती आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण उलटी झाली, यावर तर शाळकरी पोरंही निबंध लिहितात. ते सगळं बाजूला ठेवू. मला छळतं ते ‘काहीच नाही’.

कामाची मी फार पूर्वीपासून एक वाटणी करत आलो आहे: करायचं काम आणि सांगायचं काम. चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा पोरगा गावात ‘पुण्याला कंपनीत आहे’ म्हणून ओळखला जातो. कंपनी कसली, हातात काय पडतं, पुढच्या दिवाळीला तो तिथे असेल का, हे कोणी विचारत नाही. सांगायच्या कामाला गेट असतं, गळ्यात ओळखपत्र असतं, महिन्याची ठरलेली एक तारीख असते. निवृत्त मुख्याध्यापक घरावरच्या पाटीत ‘सेवानिवृत्त’ लिहून तेच काम मरेपर्यंत सांगत राहतात. शेतकरी मरेपर्यंत करत राहतो आणि त्याच्याकडे सांगायला काही नसतं.

लिहायला बसलो तेव्हा उपाय सोपा वाटला होता: कष्टाला प्रतिष्ठा द्या. या उपायाचा सर्वांत मोठा वकील आमच्या विदर्भातच राहून गेला. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. प्रत्येकाने रोज अंगमेहनतीने आपली भाकरी कमवावी, असा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी बाबासाहेबांचं ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ प्रसिद्ध झालं. जातीमुळे श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी होते, हा त्यातला मुद्दा. ‘हरिजन’मधून उत्तर देताना गांधीजींनी जातीचं समर्थन केलं नाही, पण वर्णाचा अर्थ सांगितला तो असा की माणसाने वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरावं, आणि ब्राह्मणाचं काम व मैला उचलणाऱ्याचं काम देवापुढे सारख्याच तोलाचं आहे.

देवापुढे असेलही. सोयरिकीच्या बैठकीत देव बसलेला नसतो. हाती झाडू घेतलेल्या बॅरिस्टरजवळ सांगायचं काम आधीच असतं. झाडू ज्याच्या हाती जन्मानेच दिला गेला, त्याच्या वाट्याला प्रतिष्ठेच्या व्याख्यानाशिवाय काय येतं? गांधीजींनी स्वतः संडास साफ केले, अखेरपर्यंत चरखा चालवला, आणि पुढे पुढे आंतरजातीय लग्नांचा आग्रहही धरला, तेव्हा हा त्यांच्यावर थोडा अन्याय आहे. असू दे. त्यांच्या नावाने श्रमप्रतिष्ठेवर बोलणारे जे खुर्चीवरचे लोक मी ऐकले आहेत, त्यांचा राग कुठेतरी निघायचाच.

आणि वाडवडिलांचा धंदाच उरला नाही तर? आमच्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, पोहरादेवी आहे. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची समाधी तिथे. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून गोरमाटी, म्हणजे बंजारा, माणूस येतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंजाऱ्यांचं पिढीजात काम लदेणी: बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामागून मुलूख तुडवायचा. फौजांची रसदही हेच पुरवायचे. १८६७ मध्ये भुसावळ, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. सडका आणि आगगाडी यांनी मिळून लदेणीचं कंबरडं मोडलं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कालांतराने ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांची नावं त्यात गेली. काल रसद पोचवणारा माणूस आज फिरतो कशाला, असा सरकारला प्रश्न पडला. सांगता येईल असं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण दाखल्यावर ‘विमुक्त जाती’ हा उल्लेख आजही येतो.

हे विषयांतर वाटेल, पण माझं गाडं इथेच अडलं. लदेणी जाऊन दीडशे वर्षं होत आली, तरी तांडा आहे, नायक आहे, गोरबोली आहे. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी बांधकामावर, कोणी डॉक्टर, कोणी आमदार. पोहरादेवीच्या यात्रेत ‘तू काय करतोस’ यावाचून कोणाचं अडत नाही. म्हणजे माणसाची ओळख कामाशिवाय तगते. कामाची नोंद गेली की जातं ते दुसरंच: चावडीवर, कचेरीत, ठाण्यात तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क.

हे लक्षात आल्यावर मी त्या बारा एकरवाल्या पोराची काळजी करायची सोडली. त्याचं नाव आज ना उद्या सातबाऱ्यावर चढेल. नोंद नाही ती दुसऱ्याच कोणाची.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या वावरात जाऊन पाहा. सोंगणीचा गुत्ता एकरावर ठरतो, म्हणून बायांची टोळी उजाडायच्या आत वावरात. वाळलेल्या शेंगांची टोकं बोटांत शिरतात, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. एकीच्या शर्टाच्या खिशावर कुठल्याशा सिक्युरिटी एजन्सीचं नाव अजून वाचता येत होतं: नवऱ्याचं सांगायचं काम अंगावर घालून ती स्वतःचं करायचं काम करत होती. तिला विचारा, काय करता? ‘काही नाही, घरीच.’

शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलीला आपण हावरट ठरवतो, शहराचं वेड लागलं म्हणतो. तिने आईची बोटं पाहिली आहेत. ते काम हलकं आहे असं ती म्हणत नाही. ते ती करील आणि मोजलं जाईल नवऱ्याच्या नावावर, एवढं तिला कळलेलं आहे. तिच्यापुढे श्रमप्रतिष्ठेवर बोलायला मी तयार नाही.

एकदा मात्र सरकारकडून बरी गोष्ट घडली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली. कल्पना वि. स. पागे यांची, मुख्यमंत्री वसंतराव नाईक, म्हणजे आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ पासून लागू. खडी फोडायची, माती वाहायची, पाझर तलाव खोदायचे. या कामांना प्रतिष्ठा बिलकूल नव्हती, दुष्काळी काम म्हणून लोक नाकच मुरडायचे. पण दर बाईला आणि पुरुषाला एकच होता, आणि हजेरीपत्रकावर बाईचं नाव तिच्या स्वतःच्या ओळीत होतं. पगाराच्या दिवशी ते मोठ्याने पुकारलं जायचं. उभ्या हयातीत जिचं नाव कोणत्या कागदावर आलं नव्हतं, ती तिथे अंगठा उठवायची.

प्रतिष्ठा मागायला निघालो होतो, आता मी नोंद मागतो आहे. ही मागणी नवीन नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन लावून दिली. नवऱ्याने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावावं, असा सरकारी आदेशही १९९२ मध्ये निघाला. तो रद्द झालेला नाही. अर्ज करणारेच थोडे आहेत.

सातबारा जड जात असेल तर सोपं काम सांगतो. २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. मागच्या, म्हणजे २०११ च्या, जनगणनेत वर्षातले निदान सहा महिने राबणारा तो मुख्य कामगार, त्याहून कमी तो सीमांतिक, आणि ज्याने काहीच सांगितलं नाही तो काम न करणारा. प्रगणक दारात येईल तेव्हा बहुतेक घरांत पुरुषच बोलेल. त्याला माझं सांगणं आहे: बायकोचं काम विचारलं तर ‘घरीच असते’ म्हणू नका. वावर घरचं असेल तर शेतकरी सांगा, दुसऱ्याच्या वावरात जात असेल तर शेतमजूर सांगा. आणि निंदणीपासून वेचणीपर्यंत तिचे महिने नीट मोजून सांगा.