दुसऱ्या मजल्याचा भाव

एका शहरात चार मजल्यांची एक जुनी इमारत होती. सोळा बिऱ्हाडं, एक जिना, गच्चीवर एक टाकी. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना घर सजवायची भारी हौस. त्यांनी जुनी फरशी काढून संगमरवर घातला, छताला पीओपी केलं, बाल्कनी खोलीत घेतली.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. निवृत्त तलाठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दर वार्षिक सभेत अण्णा दोनच विषय काढत. गच्ची गळते, तिचं वॉटरप्रूफिंग करू. आणि कन्व्हेयन्स करून घेऊ. ते सांगत, "1963 चा कायदा आहे. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आपल्या नावावर करून द्यायची. आपल्याला तीस वर्षं झाली."

गृहस्थ सभेला क्वचितच जात. गेले तर म्हणत, "गच्ची वरच्या मजल्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. आणि जमीन काय घरात आणून ठेवायची आहे?" लोक हसत. विषय पुढच्या सभेवर जाई.

पुढे मुलगा परगावी स्थिरावला आणि गृहस्थांनी घर विकायला काढलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको संगमरवर बघून खूश झाले. सोबतच्या आजीबाई मात्र बसल्याच नाहीत. कठड्याला धरून त्या थेट गच्चीवर गेल्या. उतरताना जिन्याच्या भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही ओल कधीची?" ते लोक पुन्हा आले नाहीत.

दुसऱ्यानं टोकन दिलं. पण त्याच्या बँकेच्या वकिलानं मंजूर नकाशा मागितला. बाल्कनी नकाशात बाल्कनीच होती. जमीन अजून बिल्डरच्या नावावर. कर्ज अडलं, टोकन परत गेलं.

तिसऱ्यानं भाव इतका पाडून मागितला की गृहस्थ संतापले. "शेजारच्या इमारतीत साध्या फरशीचा फ्लॅट याहून चढ्या भावानं गेला!"

एजंट म्हणाला, "साहेब, त्यांचं कन्व्हेयन्स झालंय. उद्या इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर त्यांचं अडणार नाही. घेणारा त्याचे पैसे देतो."

त्या रात्री गृहस्थ अण्णांकडे गेले. अण्णांनी टोमणा मारला नाही. सभेच्या इतिवृत्ताची वही पुढे ठेवली. वर्षामागून वर्षं तोच विषय, खाली तोच शेरा: पुढील सभेत विचार.

दुसऱ्या दिवसापासून गृहस्थ दारोदार फिरू लागले. वर्गणी जमली. पावसाळ्याआधी गच्ची झाली. बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज गेला. तारखा पडल्या, कागद अपुरे निघाले, पुन्हा जोडले. अण्णांची तलाठीपणाची सारी विद्या कामी आली. अखेर आदेश झाला, दस्त नोंदला गेला आणि प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढलं. मधल्या काळात गृहस्थांनी बाल्कनीही पूर्ववत केली.

घर चांगल्या भावानं गेलं. तो भाव सोळाही घरांना मिळू लागला. ज्यांनी वर्गणीसाठी गृहस्थांना दहा चकरा मारायला लावल्या होत्या, त्यांनाही. संगमरवराचे पैसे मात्र कोणी दिले नाहीत. नव्या मालकानं राहायला येण्याआधी तो उखडून टाकला. त्याला लाकडी फरशी आवडत होती.

सजावट ज्याच्या त्याच्या आवडीची असते. तिचा आनंद राहणाऱ्यानं राहून घ्यावा. पण फ्लॅट घेणारा जिना, टाकी, गच्ची आणि इमारतीखालच्या जमिनीतला वाटाही घेतो, आणि यातलं काहीच कुणा मालकाला एकट्यानं नीट करता येत नाही.

तुमच्या इमारतीखालच्या जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर आहे, एवढं या आठवड्यात तुमच्या सेक्रेटरींना विचारून या.