मताविना प्रतिनिधी

मुंबई इलाख्याच्या पहिल्या कायदे कौन्सिलात 1862 साली जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट सभासद म्हणून बसले, तेव्हा भांडुप हे मुंबईबाहेरचे, साष्टीतले गाव होते. शहराची हद्द मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत आली ती 1950 साली. आज भांडुप पश्चिम हा विधानसभेच्या 288 मतदारसंघांपैकी एक आहे. नानांना मात्र भांडुपच्याच काय, गिरगावच्याही कुणी मत दिलेले नव्हते. गव्हर्नरने त्यांना नेमले होते. अशा माणसाला लोकप्रतिनिधी म्हणावे का, ही शंका रास्त आहे. मला वाटते, म्हणावे. पण त्याचा पुरावा कौन्सिलातल्या तीन वर्षांत नाही, त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांत आहे.

1861 च्या कायद्याने हिंदी माणसाला कौन्सिलात शिरकाव दिला, तो हातपाय बांधून. सभासदाला सरकारला प्रश्न विचारता येत नसे, अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. कौन्सिल ही निव्वळ शोभा होती, असे कुणी म्हटले तर फारसे चुकणार नाही. पण ही अरुंद वाट तरी कुणी मागितली होती? कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटपुढे यायचा होता, त्या सुमारास 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना तिचे अध्यक्ष. कायदे करताना हिंदी लोकांनाही जागा हवी, हे तिने पार्लमेंटला अर्ज करून मागितले. म्हणजे नाना ज्या खुर्चीवर बसले, तिच्यासाठी ते दहा वर्षे आधीपासून झगडत होते. शिक्षण मंडळातला वाद तर आणखी बोलका आहे. 1847 च्या सुमारास मंडळाचा अध्यक्ष एर्स्किन पेरी, जो सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीशही होता, शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा हट्ट धरून बसला. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. तरीही विद्या सामान्य माणसापर्यंत पोचायची तर ती त्याच्या भाषेतूनच पोचेल, असे लेखी मत त्यांनी दिले. मंडळातले बाकीचे हिंदी सभासद आणि जॉर्ज जर्विस हा गोरा अधिकारीही त्यांच्या बाजूला उभे राहिले. शाळेची पायरीही न चढलेल्यांची बाजू न्यायाधीशासमोर कागदावर मांडणे, याला प्रतिनिधित्व नाही तर काय म्हणायचे?

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो जड आहे. नाना धनाढ्य सावकार-व्यापारी. त्यांच्या वर्गाला जे हिताचे तेच त्यांना लोकहित वाटले नसेल कशावरून? रेल्वेचेच घ्या. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना सरकारचा मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क याला 1843 साली भांडुपच्या भेटीतच सुचली, असे सांगतात. नाना आणि जमशेटजी जिजीभाई यांनी ती उचलून धरली, आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे हे 34 किलोमीटर अंतर गाडीने कापले. ज्या साष्टीतून हे रूळ गेले, तिथल्या शेतकऱ्याला, आगऱ्याला, कोळ्याला आपले म्हणणे मांडायला कुठल्याच सभेत जागा नव्हती. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडूही नये. नानांची कळकळ कितीही खरी असली, तरी त्यांना जाब विचारण्याची सोय त्या माणसांकडे नव्हती, आणि भल्या माणसाच्या भलेपणावर विसंबून राहणे हा लोकांचा हक्क होऊ शकत नाही. ती उणीव 1951-52 च्या निवडणुकीतल्या प्रौढ मताधिकाराने भरून काढली. मात्र मताधिकाराने निवड हाती येते. निवडायला योग्य माणूस तो घडवत नाही. भांडुपच्या मतदाराने उमेदवाराला आश्वासने मागण्याऐवजी, सभागृहाबाहेर असताना कोणत्या प्रश्नावर किती वर्षे झटलास, हे विचारावे असे मला मनापासून वाटते. तो प्रश्न नानांना विचारला असता तर शिक्षण मंडळ आणि असोसिएशन, दोन्हींची दप्तरे त्यांना पुढे करता आली असती. सभासदाने सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा कायद्यात आली ती 1892 साली; नाना 31 जुलै 1865 रोजीच वारले होते.