निम्म्या मैदानाचा गौरव

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात व्हिटन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथली डनीस लाँग १९६९ साली शाळेतून बाहेर पडली, तेव्हा बास्केटबॉलमध्ये तिच्या नावावर ६,२५० गुण होते. एका सामन्यात तर एकटीचे १११. तिच्यावर लिहायला बसलं की मनात आपोआप वाक्य उमटतं: ही आज जन्मली असती तर कुठल्या कुठे पोचली असती! हे वाक्य मला तपासून बघायचं आहे. ते कौतुकातून येतं, की खेड्यातल्या शाळेचा खेळ म्हणजे नुसती पहिली पायरी, या माझ्यात मुरलेल्या समजुतीतून?

आयोवातल्या मुलींना तो पायरी वाटत नव्हता. १९२५ साली मुलींच्या स्पर्धा बंद कराव्यात असं राज्यातल्या शाळांच्या चालकांचं मत पडलं, तेव्हा लहान गावांच्या शाळांनी फुटून मुलींसाठी वेगळी संघटना उभी केली. पुढे डे मॉइन शहरात भरणाऱ्या राज्य स्पर्धेला गावंच्या गावं लोटू लागली. १९६८ चा अंतिम सामना डनीसची युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या शाळांमध्ये झाला. एव्हर्लीच्या जनेट ओल्सनने ७६ गुण केले, डनीसने ६४. सामना जादा वेळेत गेला आणि युनियन-व्हिटनने तो ११३-१०७ असा जिंकला. त्या रात्री सभागृहात बसलेल्या कुणाला ही पुढच्या कशाची तरी तयारी वाटली असेल, असं मला वाटत नाही. मग मी इतक्या वर्षांनी तिला अपुरी का ठरवावं?

पण 'तेवढंच पूर्ण होतं' असं म्हणून मोकळं होणंही माझं मन मान्य करत नाही. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सचे मालक फ्रँकलिन म्यूली यांनी एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत तेराव्या फेरीत तिचं नाव घेतलं. लीगचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी ती निवड रद्द केली. शिक्षणसंस्थांमध्ये मुलींशी भेदभावाला बंदी करणारा 'टायटल नाइन' कायदा आला १९७२ साली. डनीस पुढे फार्मासिस्ट झाली. त्यात कमीपणा काहीच नाही, पण खेळाची पुढची दारं तिच्यासाठी उघडी नव्हती आणि ती माणसांनीच बंद ठेवलेली होती. शाळेतल्या पराक्रमाचे गोडवे गाताना मी त्या माणसांना सूट देतो आहे का, हे मला स्वतःला विचारलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. आयोवातल्या मुलींचा खेळ सहा जणींचा होता आणि १९९३ पर्यंत तो चालला. मुलींना पूर्ण मैदान धावणं झेपणार नाही, या जुन्या समजुतीतून त्याचे नियम आले होते. चेंडू दोनदाच टप्पा देऊन पुढे न्यायचा, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. तीन फॉरवर्ड निम्म्या मैदानात गुण करणार, तीन गार्ड उरलेल्या निम्म्यात अडवणार. गार्डना बास्केट करण्याची संधीच नसे. चार-चार वर्षं जीव तोडून खेळलेल्या मुलींच्या नावापुढे गुणांचा रकाना कोरा.

डनीसच्या हातात चेंडू यायचा, तो कितीतरी वेळा पलीकडच्या तिघींनी मिळवून रेषेपर्यंत पोचवलेला असायचा. त्या अंतिम सामन्याचा निकाल वाचताना नजर ७६ आणि ६४ वर खिळते. ओल्सनला अडवायला उभ्या असलेल्या युनियन-व्हिटनच्या गार्डकडे ती सहज वळत नाही. त्यांच्या समोर ७६ गुण झाले, प्रत्येक गुण त्यांनी जवळून पाहिला, आणि तरी जादा वेळ संपेपर्यंत त्या तग धरून राहिल्या, म्हणून डनीसचे ६४ विजयाचे ठरले. तिच्या गौरवात मी त्यांना जागा देणार आहे. ती सौजन्य म्हणून देतो आहे की त्यांचं देणं म्हणून, याचं उत्तर मात्र मी अजून स्वतःकडून मिळवलेलं नाही.